दार उघडंच होतं

एमए सायकॉलॉजीला मला प्रवेश कसा मिळाला, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगलीत मुलाखत होती. मलकापूरहून वडील सोबत आले होते. सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेला, घरात कुणाशी फारसा न बोलणारा माणूस. ते बाहेर बाकावर बसले.

मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, "हाच विषय का?"

पाठ केलेलं उत्तर विसरलो आणि बोलून गेलो, "माझे वडील सैन्यातून आल्यापासून गप्पच असतात. त्यांच्या मनात काय चालतं, ते मला समजून घ्यायचंय."

मॅडम खूश झाल्या. "प्रवेश झाला समजा," म्हणाल्या.

बाहेर आलो, तर दार उघडंच होतं आणि वडील मान खाली घालून बसलेले.

परतीच्या वाटेवर एसटी कासेगावला आली. तेव्हा ते म्हणाले, "मला इचारलं असतंस, तर सांगितलं असतं की रं."

तेव्हाच विचारायला हवं होतं, गड्यांनो. पण मी लाजेनं खिडकीबाहेर बघत बसलो. दोन वर्षांनी निकाल लागला, तेव्हा कुठे धीर करून त्यांच्या शेजारी बसलो आणि विचारलं.

ते म्हणाले, "आता कशाला? पास झालास न्हवं?"