साक्षीदार परका हवा

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, संस्थेचे आदरणीय पदाधिकारी, पाचोऱ्याच्या आपल्या शाखेतून मुद्दाम आलेले मुख्याध्यापक, व्यासपीठावरील इतर मान्यवर, माझे सहकारी शिक्षक बंधू-भगिनी, पालक, समोर सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या विद्यार्थिनी आणि आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सगळ्यांच्या कुंदाताई,

आपणा सर्वांना प्रमिलाबाईचा नमस्कार.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी कुंदाताईंच्या शिस्तीबद्दल, फळ्यावरच्या अक्षराबद्दल आणि स्नेहसंमेलनातल्या कामाबद्दल इतकं सुंदर सांगितलं आहे की त्यात मी भर घालणं बरं नव्हे. आम्ही दोघी एकमेकींना अगं-तुगं करतो, पण आज व्यासपीठाचा मान राखून मी त्यांना अहो-जाहोच म्हणणार आहे. मधूनच जीभ घसरली तर अध्यक्षांनी समजून घ्यावं.

गेला महिनाभर स्टाफरूममध्ये एकच चर्चा आहे. इथे धुळ्यात, देवपुरात स्वतःचं घर, चौदा वर्षांची ओळखपाळख, सगळं सोडून या बाई पाचोऱ्याला बदली मागून का घेताहेत? काहींनी मला विचारलं, काहींनी परस्पर उत्तरंही ठरवून टाकली. परवा मी कुंदाताईंना म्हटलं, "मला भाषण करायला सांगितलंय. काय बोलू?" त्या म्हणाल्या, "सांगायचं तर खरं सांग. नाहीतर नुसतं अक्षराचं कौतुक कर आणि खाली बस." म्हणून मी खरं सांगायला उभी आहे.

पंच्याऐंशी सालची गोष्ट. संक्रांतीचा आदला दिवस. कुंदाताईंचे यजमान मगनराव सायकलच्या पुढच्या दांडीवर छोट्या सीटवर आपल्या मुलीला, उज्वलाला, बसवून पतंग आणायला निघाले होते. उज्वला तेव्हा तीन वर्षांची. आग्रा रोडवर मागून एक अॅम्बेसिडर आली, समोरच्या ट्रकला ओलांडायला म्हणून रस्ता सोडून कडेला घुसली आणि सायकल उडवून गेली.

तिथे रस्त्याकाठच्या विजेच्या खांबावर एक वायरमन काम करत होता. त्याचं नाव रुपचंद. कमरेचा पट्टा तसाच घेऊन तो खाली उतरला, येणाऱ्या टेम्पोपुढे हात पसरून उभा राहिला आणि बापलेकीला सिव्हिल हॉस्पिटलात घेऊन गेला. मगनराव वाटेतच गेले. त्यांचं डोकं त्या अनोळखी माणसाच्या मांडीवर होतं. त्याचा एक हात उज्वलाच्या पायाखाली होता, कारण तो पाय हलला की ती पोर किंचाळायची.

मगनरावांचे वडील निंबा आबा आज पहिल्या रांगेत बसलेले आहेत. आबा नेहमी सांगतात, मी दवाखान्यात पोचलो तेव्हा माझ्या लेकाच्या रक्ताने भरलेला सदरा घालून एक परका माणूस रडत होता, आणि मीच त्याला पाणी दिलं.

मंडळी, माणूस गेल्याचं दुःख असतंच. पण अपघातात माणूस गेला की त्या दुःखाला कचेऱ्यांची पायरी चढावी लागते. पंचनामा, पोलीस स्टेशन, विमा कंपनी, वकील, कोर्ट. गाडीच्या मालकाने सांगितलं, कंपनी बघून घेईल. कंपनीने सांगितलं, ड्रायव्हरचं लायसन्स बरोबर नव्हतं, आणि तसंही सायकलवालाच मध्ये आला. उज्वलाचा पाय वाकडा जुळला होता. डॉक्टर म्हणाले होते, मुलगी वाढेल तशी पुन्हा पुन्हा ऑपरेशनं करावी लागतील, नाहीतर ती पायावर उभी राहणार नाही. म्हणून दावा लढणं भाग होतं. कुंदाताई तेव्हा सव्वीस वर्षांच्या. डी.एड. झालेलं होतं, म्हणून त्याच वर्षी आपल्या शाळेत लागल्या. माझी त्यांची ओळख तेव्हाची. तारखेला सोबत म्हणून मी जायची.

त्यांची साक्ष झाली तो दिवस मी विसरू शकत नाही. कंपनीचे वकील सभ्य गृहस्थ होते, आवाज चढवायचे नाहीत. त्यांनी विचारलं, "बाई, तुमचं वय लहान आहे. नोकरी आहे. पुढेमागे तुम्ही दुसरं लग्न कराल, खरं ना?"

मला वाटलं, न्यायाधीश त्यांना थांबवतील. पण तो प्रश्न कायद्यात बसणारा होता. बाईने दुसरं घर केलं की तिचं नुकसान कमी, असा तो हिशेब.

कुंदाताई म्हणाल्या, "नाही."

"आज नाही म्हणता. पण विचार येऊ शकतो ना?"

"नाही."

समोर सासरे बसलेले. सांगा, दुसरं काय उत्तर देणार होत्या त्या?

त्यानंतर रुपचंदची साक्ष झाली. अपघात डोळ्यांनी पाहणारा तो एकटाच. सायकल कडेला होती, गाडी अंगावर आली, एवढंच तो सांगत राहिला. वकिलांनी त्याला पुष्कळ फिरवलं. पैसे किती मिळाले, असंही विचारलं. तो गोंधळला, घाम पुसत राहिला, पण बोलणं बदललं नाही.

या साक्षी व्हायच्या आधी कितीतरी तारखा नुसत्याच पडल्या होत्या. कधी साहेब रजेवर, कधी कागद आलेले नाहीत. समन्स म्हणून रुपचंदही साक्रीहून, त्याच्या नोकरीच्या गावाहून, यायचा आणि कोर्टाच्या व्हरांड्यात बसून राहायचा. उज्वलासाठी तो खिशातून वायरच्या रंगीत नळ्या काढायचा आणि त्यांच्या बांगड्या करून द्यायचा. पायाला प्लास्टर असलेली ती पोर त्याला रुपाकाका म्हणायची. आबा आणि तो एका बाकावर बसून कपाशीच्या गोष्टी करायचे. कुंदाताई बाजूला वह्या तपासत बसायच्या. पण मी बाई आहे, मला डोळे आहेत. तो यायचा त्या तारखेला त्या जरा बऱ्या दिसायच्या.

साक्ष झाल्यावर काही दिवसांनी रुपचंद माझ्या घरी आला. चहा घेतला नाही. म्हणाला, "बाई, एक विचारायचं आहे. वाईट वाटलं तर सांगा, मी उठून जातो. त्यांची हरकत नसेल तर मला त्या दोघींना घरी न्यायचंय. आईला सांगून ठेवलंय मी पाचोऱ्याला."

मी निरोप दिला. कुंदाताईंनी तो मला पुन्हा एकदा सांगायला लावला. मग रडल्या. मगनराव गेल्यापासून त्या माझ्यासमोर पहिल्यांदा रडल्या होत्या.

आबांच्या कानावर घातलं. आबांनी काय करावं? ते म्हणाले, "मी स्वतः उभा राहून तुझा पाट लावून देतो." सुनेचं दुसरं लग्न लावायला निघालेला सासरा तुम्ही किती पाहिलेत?

पण आधी वकिलांचा सल्ला घ्यावा म्हणून आम्ही तिघं गेलो. आमचे वकील भला माणूस. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कुंदाबाई, तो माणूस तुमचा कोण?"

"कोणी नाही."

"मग निकाल लागेपर्यंत तसंच राहू द्या. साक्षीदार परका हवा. उद्या तुम्ही लग्न केलंत तर कंपनी म्हणेल, यांचं आधीपासूनच होतं, साक्ष बनावट आहे. आणि तुम्ही शपथेवर नाही म्हणून बसला आहात. दावा गेला तर मुलीच्या पायाचं काय?"

घरी आल्यावर आबा म्हणाले, "जाऊ दे तो दावा. मी उद्या काढून घेतो."

"आणि उज्वलाचा पाय, आबा?"

आबांनी दाव्याचे कागद पुन्हा पेटीत ठेवले.

रुपचंदला मी सांगितलं तेव्हा तो हसला. "एवढंच ना? मग थांबतो. कोर्ट काही जन्मभर चालत नाही."

त्यानंतर त्यांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. पत्र नाही, निरोप नाही. लोक म्हणतील, एवढं काय? कंपनीचा माणूस थोडाच मागे फिरत होता? पण भीती एकदा मनात बसली की ती निघत नाही. एकदा धुळ्याच्या एसटी स्टँडवर आम्ही तिघी उभ्या होतो आणि समोर साक्रीच्या गाडीपाशी तो. उज्वलाने पाहिलं आणि ओरडली, "रुपाकाका!" कुंदाताईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. तो वळून पाहील असं वाटलं. त्याने पाहिलं नाही. तो गाडीत चढला आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसला. उज्वला रात्री जेवली नाही. पुढे पुढे तिने त्याचं नाव काढणं सोडून दिलं.

नव्वद साली निकाल आपल्या बाजूने लागला. आम्ही पेढे आणले. पेढ्यांचा पुडा संपायच्या आत कळलं की कंपनी अपिलात औरंगाबादला हायकोर्टात गेली. वकील पुन्हा तेच म्हणाले. आता तर जास्त सांभाळा, इतकी वर्षं थांबलात, थोड्यासाठी घालवू नका. ते थोडं किती, हे त्यांनाही माहीत नव्हतं. उज्वलाचं एक ऑपरेशन लोकांकडून उसनं घेऊन झालं, दुसरं बाकी होतं. रुपचंदसाठी मुली सांगून यायच्या. तो आईला म्हणायचा, "माझं ठरलंय." आई विचारायची, "कधी?"

पंच्याण्णवच्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. अंगावर काढली. आईजवळ पाचोऱ्याला गेला आणि तिथेच गेला. आम्हाला कोण कळवणार? आम्ही त्याचे कोण होतो?

पुढच्या महिन्यात अपिलाची चौकशी करायला म्हणून आम्ही दोघी वकिलांकडे गेलो. ते फाइल चाळता चाळता म्हणाले, "अहो, तुमचा तो साक्षीदार वारला म्हणे. पण काळजी करू नका. साक्ष नोंदलेली आहे. केसला काही धोका नाही."

मंडळी, त्या माणसाने धीर द्यावा म्हणूनच ते सांगितलं. कुंदाताई "बरं" म्हणाल्या. पुढची तारीख विचारून घेतली. जिना उतरल्या, रस्ता ओलांडला, पांझरा नदीच्या पुलावर मध्यापर्यंत चालत आल्या आणि तिथे कठड्याला धरून खाली बसल्या. मला म्हणाल्या, "प्रमिला, मला कपाळ पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. मी रडू तरी त्याची कोण म्हणून?"

मी तिथेच त्यांच्या शेजारी बसले.

पुढच्या वर्षी अपिलाचा निकाल लागला. तोही आपल्या बाजूने. पैसे आले, उज्वलाचं दुसरं ऑपरेशन झालं. ती आज मागच्या रांगेत बसली आहे. काठी लागते, पण ती स्वतःच्या पायांनी चालत या सभागृहात आली आहे. बारावीला आहे. मात्र त्या निकालातलं एक वाक्य वकिलांनी आम्हाला मराठीत समजावून सांगितलं, ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. घटनास्थळाचा पंचनामा आणि गाडीच्या चाकांच्या खुणा यांवरूनच ड्रायव्हरचा दोष दिसतो, साक्षीदाराच्या जबाबात शिरण्याची गरज नाही, असं कोर्टाने म्हटलं होतं.

गरज नव्हती. दोन जिवांनी ज्या साक्षीसाठी एवढी वर्षं एकमेकांकडे पाहिलं नाही, तिची गरजच नव्हती.

यात दोष कोणाला द्यावा? वकिलांना? त्यांनी त्यांना जे माहीत होतं ते सांगितलं. न्यायाधीशांना? त्यांनी न्यायच दिला. मी खूप विचार केला आहे आणि रागवायला मला माणूस सापडलेला नाही. कदाचित म्हणूनच ते दुःख कमी होत नाही.

त्यानंतर कुंदाताई पाचोऱ्याला रुपचंदच्या आईला, भिकुबाईंना, भेटायला गेल्या. म्हातारीने नाव विचारलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. माझ्या पोराला बसवून ठेवणारी तू, एवढंच बोलली. कुंदाताईंनी ऐकून घेतलं. अंगण झाडलं, पाणी भरलं आणि परत आल्या. सुटी लागली की पुन्हा जायच्या. म्हातारी बोलत नसे. एकदा अशाच निघाल्या तेव्हा आतून आवाज आला, "जेवीसन जाय." त्या दिवशी त्या दोघी चुलीपाशी बसून भाकरी खाता खाता रुपचंदबद्दल बोलल्या. एका बाईला तो लहानपणापासून माहीत होता, दुसरीला तो कोर्टाच्या व्हरांड्यापुरताच माहीत होता. संध्याकाळची गाडी चुकली. म्हातारी म्हणाली, "बठ्ठा गयात वं माय. तू तरी उनी." सगळे गेले, तू तरी आलीस.

भिकुबाईंना आता दिसत नाही. बघणारं कोणी नाही. म्हणून ही बदली.

आबाही सोबत जाणार आहेत. मी त्यांना म्हटलं, आबा, या वयात परक्याच्या गावी? ते म्हणाले, "परका कसा? त्यानी मना मगनले उचलं व्हतं." माझ्या मगनला उचलणारा परका कसा, असं त्यांचं म्हणणं.

अध्यक्ष महोदय, आपण दोनदा घड्याळाकडे पाहिलंत, ते माझ्या लक्षात आलं आहे. वेळेपेक्षा जास्त बोलले. या समारंभात ऐकायला जड जाईल असं काही मी बोलले असेन, कोणाचं मन दुखावलं असेल, तर ते माझ्या पदरात टाका, कुंदाताईंच्या नको. पाचोऱ्याच्या मुख्याध्यापकांनी आमच्या बाईंना आपल्या शाळेत जागा दिली, त्याबद्दल मी सगळ्यांच्या वतीने त्यांचे आभार मानते. इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आपणा सर्वांचेही.

काल सामान बांधताना मी कुंदाताईंना विचारलं, "तिथे शेजारीपाजारी विचारतील, तुम्ही भिकुबाईंच्या कोण? तेव्हा काय सांगशील?"

त्या म्हणाल्या, "मला सांगायला काही उरलंच नाही. म्हातारी काठी टेकत सगळ्या गल्लीत सांगून आली आहे, मनी सून येई राहिनी."