तळ दिसावा म्हणून

सून: हळू बोल. बाबा आत बूट काढताहेत आणि खिडकी उघडी आहे.

मुलगा: बूट काढून झाले. चहा नको म्हणाले. आधी अंगणातल्या तळ्याकडे चल म्हणाले.

सून: मग तू काय सांगितलंस?

मुलगा: म्हटलं, दवाखान्यातून आताच आलाय, जरा पडा. ऐकतात कसले. काठी शोधताहेत. ती मी कपाटामागे ठेवलीय.

सून: डोळ्याला पट्टी बांधलेल्या माणसाची काठी लपवलीस? अक्कल कुठे गहाण टाकलीस?

मुलगा: थोडा वेळ मिळावा म्हणून. मासे किती उरलेत?

सून: सकाळी दोन मेले. लिंबाच्या कुंडीत पुरले मी. बाकीचे हे बघ, वर येऊन नुसते तोंडं उघडताहेत. पाण्यात राहून दम लागलाय त्यांना. चिंधी तर मधेच आडवी पडते.

मुलगा: चिंधी म्हणजे ती फाटक्या शेपटीची? आईची?

सून: आईंच्या हातची तेवढी एकच उरलीय. बाबा कठड्यावर बसून पाण्यात हात सोडतात, तेव्हा तीच येते बोटांशी खेळायला. बाजूला आईंची जागा अजून मोकळी ठेवतात. मी एकदा चुकून बसले, तर उठून आत गेले होते.

मुलगा: तुला तळं घासायला सांगितलं कुणी? ते दवाखान्यात जाताना फक्त खाणं टाक म्हणाले होते.

सून: कुणी नाही सांगितलं. पण वर्षभर घोकत होते ना, पाणी गढूळ झालंय, मासे दिसत नाहीत. म्हटलं, मोतीबिंदू निघाला, आता पट्टी सुटली की पहिल्याच नजरेत तळापर्यंत दिसलं पाहिजे. काल हिरवं पाणी उपसलं, शेवाळ ओरबाडून काढलं, कमळाची कुंडीसुद्धा धुतली. नळ सोडून तळं भरलं. संध्याकाळी असं लखलखत होतं की माझाच मला अभिमान वाटला.

मुलगा: गढूळ पाणी नव्हतं गं. त्यांचा डोळा होता.

सून: ते आज कळलं मला. बेडूकही निघून गेले. रोज रात्री त्यांच्या ओरडण्याला शिव्या घालायचे, आणि काल ते गप्प म्हणून डोळ्याला डोळा लागला नाही.

मुलगा: ऐक. दुसऱ्या डोळ्याने त्यांना उजेड तेवढा कळतो. पट्टी निघेपर्यंत दुकानातून तसलेच मासे आणून सोडू. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सून: आणि शेपटी? ती कुठल्या दुकानात फाडून देतात?

मुलगा: तू फक्त 'सगळं ठीक आहे' एवढंच म्हण.

(मागच्या दारातून, भिंतीला हात लावत, सासरे अंगणात येतात.)

सासरे: काठीला पाय फुटले आज. असो. मला कठड्यावर बसवा.

मुलगा: बाबा, वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय.

सासरे: वाकतोय कोण? तुझ्या आईने कठडा माझ्या हाताच्या मापाने बांधून घेतलाय. हं. काय म्हणताहेत मंडळी?

मुलगा: मजेत. एकदम मजेत.

सासरे: बेडूक गप्प का?

मुलगा: ऊन आहे ना. झोपले असतील.

सासरे: चिंधी येत नाहीये.

मुलगा: पोट भरलं असेल तिचं. हिने दोन्ही वेळा न चुकता खाणं टाकलंय.

सासरे: पाण्याला दवाखान्यासारखा वास येतोय. का माझ्याच कपड्यांना येतोय?

सून: पाण्यालाच येतोय, बाबा.

मुलगा: अगं...

सून: नाही, मला नाही जमत. बाबा, तळं मी उपसलं. घासून नळाचं पाणी भरलं. दोन मासे मेले. चिंधी आडवी पडतेय. तुम्हाला तळ दिसावा म्हणून केलं, आणि सगळ्यांच्या जिवावर उठले. रागवा तरी.

सासरे: रागवायला नंतर वेळ आहे. जिन्याखालचं पिंप?

सून: आहे. डास होतील म्हणून झाकलंय. आज तेही ओतून टाकणार होते.

सासरे: राहिलं ते बरं झालं. नळाच्या पाण्यात औषध असतं. ते उडून जावं म्हणून पिंपात पाणी ठेवतो, मगच तळ्यात घालतो. मोठा टब आण, त्या पाण्याने निम्मा भर. मासे भांड्याने उचल, जाळीने नको. चिंधी आधी.

सून: निसटतेय ती भांड्यातून.

सासरे: घाई नको. भांडं तिच्या खालून ने. आणि तू, काठी लपवणाऱ्या, बादलीने तळ्यातलं पाणी उचल आणि उंचावरून परत तळ्यात ओत. हवा लागू दे त्याला.

मुलगा: तुम्हाला कळलं?

सासरे: निकालाच्या दिवशी माझा चष्मा कोण लपवायचं? ओत. सूनबाई, शेवाळ कुठे टाकलंस?

सून: भिंतीमागे, पालापाचोळ्यात. त्यावर काळ्या ठिपक्यांचे बुळबुळीत पुंजके होते, मला वाटलं घाण...

सासरे: बेडकांची अंडी ती. ओली आहेत का बघ.

सून: वरचं वाळलंय. खाली ओल आहे. बाबा, आत एक बेडूक बसलाय. हलत नाही... नाही, गळा हलतोय त्याचा.

सासरे: त्याला उठवू नकोस. ओलं तेवढं उचल आणि पिंपातल्या उरलेल्या पाण्यात सोड.

सून: जगतील का सगळे?

सासरे: सगळे नाही. खोटं कशाला सांगू? आणि पोरी, मला तळ बघायचाच नव्हता. त्या हिरव्यातून चिंधी वर यायची, ते बघायचं होतं. तुझी सासू गेल्यावर मला बघून धावत येणारं दुसरं कोण होतं?

सून: टब तुमच्या पायाशी ठेवलाय, बाबा.

सासरे: चिंधी?

मुलगा: बरी आहे, बाबा. पोहतेय छान.

सासरे: तुला नाही विचारलं. तू पाणी ओत. सूनबाई?

सून: आडवी आहे. कल्ले हलताहेत.

सासरे: ये, बस इथे.

सून: इथे? ही आईंची जागा आहे.

सासरे: माहीत आहे. बस. मला दिसत नाही, तू बघ. आणि दिसेल तेच सांग.

सून: सरळ झाली... परत कलली, बाबा.

सासरे: हं. सांगत राहा.