धुतलेल्या डीएनएवर एकतीस हजार

ताई : ...ते बटण दाबायच्या आधी एवढं बघ म्हणतेय मी.

पंडित : ताई, पाचला पेपर पाठवायचाय. माझी पीएचडी अडकलीय त्यावर. तुझं नळ्यांचं रडगाणं उद्या गा.

ताई : रडगाणं कसलं, आनंदाची बातमी आहे. तुझ्या सॉफ्टवेअरला डीएनएवर एकतीस हजार ठिकाणी प्रोटीन बसलेलं दिसलं.

पंडित : मग झकासच की!

ताई : हा डीएनए मी धुऊन घेतलाय. त्यावर औषधालाही प्रोटीन नाही.

पंडित : नीट धुतला नसशील.

ताई : तीनदा धुतला. तुझ्या कपाला जन्मात एवढं पाणी लागलं नसेल.

पंडित : पण सॉफ्टवेअर असं कसं करेल?

ताई : तुझंच भाषण ऐकवते. डीएनए मोकळा असेल तिथं एन्झाइमची कात्री चालते. प्रोटीन बसलं असेल तेवढी जागा कापली जात नाही. अशी जागा दिसली, की पंडितांचं सॉफ्टवेअर ओरडतं, इथं कुणीतरी बसलंय!

पंडित : बरोबरच आहे ते.

ताई : आणि कात्रीच नखरेल असली तर? डीएनएतली काही अक्षरं तिला मुळातच आवडत नाहीत. तिथं कुणी बसो न बसो, बाई कापायच्या नाहीत.

पंडित : एवढं कळतं गं मला. त्यासाठी दुरुस्तीची पायरी घातलीय ना मी. ही बघ, इथं... आई गं.

ताई : काय झालं?

पंडित : बंद आहे.

ताई : कुणी केली?

पंडित : मीच. ती चालू असली की दोन-दोन दिवस लागायचे. म्हटलं, चाचण्या झाल्या की चालू करू.

ताई : आणि वर्षभर विसरलास! धन्य आहेस बाबा. आता ती पायरी चालू करून माझी जागा बघ. तुझ्या सॉफ्टवेअरनं दाखवलेली, चार महिने जिच्यामागे लागलेय ती. एका जागेला मिनिटभर पुरे.

पंडित : पेपरातलं पहिलं चित्रच त्या जागेचं आहे. सर मला कच्चा खातील.

ताई : बघ म्हटलं ना.

(कीबोर्ड बडवल्याचा आवाज.)

पंडित : नाहीये.

ताई : काय नाहीये?

पंडित : तिथं कुणी बसतच नाही, ताई. कधी बसलंच नव्हतं.

ताई : बरं.

पंडित : शिव्या घाल ना.

ताई : आठ वेळा प्रयोग केला रे मी. आठही वेळा त्या जागेवर प्रोटीन सापडलं नाही. मला वाटलं, माझ्या हातातच काही राहिलं नाही. राजीनामा लिहून ठेवलाय खणात.

पंडित : मला का नाही सांगितलंस?

ताई : सांगितलं होतं. तू म्हणालास, आधी हात सुधार, धुतलेला डीएनए घेऊन तुलना कर. केली.

सर : (दारातून) काय रे, गेला का पेपर?

पंडित : नाही सर. आणि जाणारही नाही. चूक माझी आहे. ताईचे आठही प्रयोग बरोबर होते.