टीव्हीमागचा नळ

(दुपारचे चार. टीव्हीचं कपाट भिंतीपासून पुढे ओढलेलं, वर नवा सेट-टॉप बॉक्स. डिश कंपनीच्या मदत केंद्राचा फोन स्पीकरवर.)

काकू: लाल म्हणजे लालच आहे गं. रंगात मी फसत नाही, चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेत.

फोनवरची: दिव्याचं राहू द्या काकू, बॉक्स नवा आहे, वेळ घेतो. टीव्हीवर काय दिसतंय ते सांगा.

काकू: निळं. नुसतं निळं. कोपऱ्यात दोन इंग्रजी अक्षरं, ए आणि व्ही.

फोनवरची: मग टीव्ही अजून जुन्याच वायरींची वाट बघतोय. लाल, पिवळी, पांढरी होत्या ना, त्यांची. आपण आता चपटी लावलीय. टीव्हीच्या रिमोटवर 'सोर्स' असं बटण असेल. बॉक्सच्या नाही हं, टीव्हीच्या.

काकू: तो कुठे असतो देव जाणे. आमचं सगळं एकाच रिमोटवर चालायचं... अहो, कुठे निघालात? काठी घ्या!

काका: हा घे. च... चमचा.

काकू: चमचा कशाला आता? अगंबाई, रिमोटच की! कुठे होता हा?

काका: चमचा.

फोनवरची: कोण बोलतंय काकू?

काकू: कुणी नाही, आमचे हे. दाबलं बघ सोर्स. खाली गेले, अजून एकदा खाली... आलं! तुमच्या कंपनीचं चिन्ह आलं. बॉक्स उघडण्यापासून इथपर्यंत एकटीनं आणलं मी.

फोनवरची: वा!

काकू: कसलं वा, गेलं. आता लिहून आलंय, "सिग्नल मिळत नाही, वायर तपासा." कुठली तपासू? मागे नुसतं कोळ्याचं जाळं आहे.

फोनवरची: काकू, रागावणार नसाल तर विचारते. आमचा जोडणीवाला का नाही बोलावलात? सोमवारी आला असता.

काकू: जुने बॉक्स तुम्ही आज संध्याकाळी बंद करणार, आणि माणूस पाठवणार सोमवारी. मग साडेसहाच्या बातम्यांचं काय? करमणूक नाही गं ती. आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका येऊन सात महिने झाले. थेरपीवाल्या बाईंनी सांगितलंय, बातम्यावाली बोलेल तिच्या मागोमाग बोलायचं. रोज दार लावून घेतात आणि बोलतात. माझ्यासमोरसुद्धा नाही.

फोनवरची: अच्छा.

काकू: आणि तुमचा माणूस मला नकोच आहे. मागे वॉशिंग मशीनवाला आला होता. ह्यांच्या तोंडावर मला विचारतो, "यांना ऐकू येतं का?" अगं, ऐकू सगळं येतं, कळतं सगळं, शब्द तेवढे हाताला लागत नाहीत. एक मागायला जावं तर दुसराच निघतो. त्या दिवसापासून दाराची बेल वाजली की हे आतल्या खोलीत.

फोनवरची: म्हणजे आत्ता ते ऐकताहेत?

काकू: ऐकताहेत की. भुवया चढल्यात बघ कपाळावर.

फोनवरची: नमस्कार काका.

काकू: ते नाही बोलायचे.

काका: नळ.

काकू: पाणी हवंय? थांबा, आणते.

काका: नाही. नळ. मागे.

काकू: हे घ्या. घोट घोट प्या. अहो, ढकलू नका, सांडलं ना सतरंजीवर!

काका: नळ! नळ!

फोनवरची: काकू, काकू, एक मिनिट. त्यांना पाणी नकोय. काका, नळ कशाच्या मागे?

काका: क... कपाट.

काकू: टीव्हीच्या कपाटामागे कुठला आलाय नळ? नळ स्वयंपाकघरात.

फोनवरची: तरी बघा ना. हाताने फिरवायचं असं काही दिसतंय का? नळासारखं?

काकू: तुला गं काय कळतं ते काय म्हणतात ते?

फोनवरची: काकू, मी दिवसभर दुसरं काय करते? इथे कुणालाच कशाचं नाव ठाऊक नसतं. एक जण म्हणतो वायरीचं शेपूट, एक जण म्हणतो डब्याचं नाक. काल एका बाईंनी अर्धा तास मला "तो आगाऊ तुकडा" सांगितला. सापडला शेवटी. त्या मानाने काकांनी सरळ 'नळ' म्हटलंय.

काकू: बरं, बघते. बॅटरी धरा हो जरा. खाली... अजून खाली. इथे धूळ आहे, एक मेलेली पाल आहे, आणि... अगं, आहे काहीतरी. बोटाच्या पेराएवढी पितळेची नळी. दोन्ही टोकांना आटे. एका बाजूला वायर बसवलीय, दुसरी बाजू मोकळी.

काका: नळ.

काकू: हो, नळ, नळ, बघितला.

फोनवरची: दुसरी वायर जवळपास पडलीय का?

काकू: भिंतीतून आलेली काळी वायर लोंबतेय. कपाट ओढलं तेव्हा निसटली असणार.

फोनवरची: ती छतावरच्या डिशची. घरात वायर आखूड पडली की मध्ये असा जोड देतात. जोड कुणी दिला होता?

काका: मी.

काकू: इतकी वर्षं ह्या खोलीत झाडू मारतेय, मला पत्ता नाही! कधी केलंत?

काका: तू... तू... दुकान.

काकू: मी शिवणाच्या दुकानात असताना होय? बरे लपूनछपून उद्योग.

फोनवरची: आधी बॉक्सचा स्विच बंद करा. केला? आता काळ्या वायरीच्या टोकाला मधोमध तांब्याची बारीक तार दिसेल. ती नळीच्या भोकात सरळ गेली पाहिजे. वाकवू नका, तुटली तर पंचाईत होईल.

काकू: भोक दिसेल तर ना! ही तार इकडे सरकते, ती नळी तिकडे. हिला धरायचं तरी कुठे?

काका: सुई.

काकू: काय?

काका: सुई. ओव.

काकू: सुई ओव... हां. असं म्हणा ना. नेढं धरायचं आणि दोरा सरळ पुढे. गेली! एका फटक्यात गेली. आता फिरवते. बसली घट्ट.

फोनवरची: बॉक्स चालू करा आणि वाट बघा.

काकू: बघतेय. गोल गोल फिरतंय... "सिग्नल मिळत नाही." मेल्याचं आपलं तेच!

फोनवरची: अरेच्चा. आता मात्र माझ्या कागदावरचं संपलं, काकू. कागद म्हणतो, माणूस पाठवा.

काका: नाही.

काकू: ऐकलंस ना? पण आता करायचं काय?

काका: दोरे. दो... दोरे. काप.

काकू: कुठले दोरे? माझ्या पदराचे?

काका: नाही गं! दोरे. ओव... तिथं. काप. कातर.

फोनवरची: काका, वायरीच्या टोकाला सुटे दोरे आहेत असं म्हणताय?

काका: हां! हां!

फोनवरची: काकू, स्विच बंद करून ती वायर परत काढा बरं. मधल्या तारेभोवती बारीक तारांची जाळी असते. त्या जाळीचा एखादा केस मधल्या तारेला चिकटला तरी सिग्नल अडतो. हे मला सुचायला हवं होतं.

काकू: काढली. चष्मा... हो, आहे! दोन चंदेरी केस वळून मधल्या तारेवर आलेत. शिवण संपल्यावर टोकं राहतात तसे. माझी छोटी कातर... तुम्ही हातातच घेऊन उभे? द्या इकडे. हा एक, हा दुसरा. ओवली. फिरवली. स्विच... अहो, तुम्ही दाबा. दाबा तुम्ही.

फोनवरची: काय झालं? काकू? काय दिसतंय?

काकू: माणसं दिसताहेत. कुठल्या तरी बाई बागेतली झाडं कशी छाटायची ते सांगताहेत. आवाज नाही, पण चित्र अगदी लख्ख.

फोनवरची: आलं! माझ्या शेजारची वळून बघायला लागली, इतकी ओरडले मी. काकू, एक लक्षात आलं का? काकांनी सगळं तुमच्या शब्दांत सांगितलं. सुई, दोरा, कातर.

काकू: ...खरंच की. दुकानात माझ्यासमोर बसून चहा प्यायचे रोज. मला वाटायचं, हे आपले पेपर वाचताहेत.

फोनवरची: आता फक्त शेवटचं. हा मोफत चॅनल आहे म्हणून दिसला. बाकीचे उघडायला खातेदाराची संमती लागते. कनेक्शन काकांच्या नावावर आहे. त्यांनी स्वतः म्हणायचं, "चालू करा." एवढंच.

काकू: मी म्हणते ना. चालू करा. झालं?

फोनवरची: नाही चालत काकू. आवाज रेकॉर्ड होतो, नंतर तपासतात.

काकू: अगं, आत्ता तुला सांगितलं ना मी, त्यांना...

फोनवरची: माहीत आहे. मी थांबते. काका, घाई नाही.

काका: ब... बंद करा.

काकू: नाही नाही, उलटं म्हणायचंय त्यांना!

काका: बंद! बंद कर... नाही. नाही! श्शी.

काकू: ठेव गं फोन. लाल झालेत. सोमवारी येऊ दे तुमचा माणूस, मी बघेन काय ते. बसा हो तुम्ही. नका जाऊ आत.

फोनवरची: काकू, दोन मिनिटं तुम्ही काहीच बोलू नका. कृपा करा. काका, 'बंद' मी लिहिलेलं नाही. माझं पान कोरं आहे. हवा तो शब्द घ्या. मला कळलं म्हणजे झालं.

काका: मशीन.

फोनवरची: हं.

काका: पाय... पाय... मशीन...

फोनवरची: हं. ऐकतेय.

काका: चालव.

फोनवरची: चालव. बरोबर. संमती मिळाली, लिहिलं. आता एकदा रिमोट दाबून बघा.

काकू: आले. सगळे आले, आवाजासकट. पटपट बदलताहेत हे, थांबतच नाहीत. अहो, हळू! पोरी, माझ्या शिलाई मशीनवरून शोधला बघ त्यांनी शब्द. दहा वेळा तोंडाशी आला होता तो माझ्या. गिळला.

फोनवरची: कळलं मला, काकू. श्वास ऐकू येत होता तुमचा. चला, अजून काही मदत हवी आहे का? हे मला विचारावंच लागतं.

काकू: नको गं बाई, खूप केलंस. ठेवते हं.

काका: थांब.

काकू: काय हो? काय राहिलं?

काका: तिला. तिला... तू...

फोनवरची: बोला काका. आहे मी.

काका: तू... जेवलीस?

फोनवरची: ...नाही काका. अजून नाही. सकाळपासून फोनच चालू आहेत.

काका: जेव.