दुसरा गाल

"बाबा, ब्रश फिरवला की गिऱ्हाइकाच्या गालावर काय यायचं?"

दवाखान्याच्या बाकावर मोडका हात सांभाळत बसलेल्या वायरमननं कान टवकारले. शेजारी लेकीबरोबर एक म्हातारा न्हावी बसला होता. अर्धांगाच्या झटक्यात त्याचे बरेच शब्द हरवले होते.

"पांढरं."

"पांढरं तर दूधही असतं."

"साबणाचं. बुडबुडे... नाही. बारीक. दाट."

"अगदी जवळ आलात. सांगू?"

"नको."

"आत बोलायला शिकवणाऱ्या बाई हेच विचारणार आहेत."

"विचारू देत. चाळीस वर्षं... केलंय मी ते."

उत्तर वायरमनच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"तुम्ही गप्प बसा हं, दादा. त्यांचं त्यांना आठवू दे."

म्हाताऱ्यानं वायरमनच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"दाढी कधी केली?"

"हात मोडल्यापासून नाही, काका."

"वर बघा."

त्याची दोन बोटं वायरमनच्या गालावर गोल गोल फिरू लागली. आधी चाचपडत, मग भराभर.

"हलू नका. फेस... फेस नाकात जाईल."

तेवढ्यात दार उघडून नर्सनं हाक मारली.

"चला आजोबा, तुमचा नंबर आला."

"थांबा जरा. दुसरा गाल राहिलाय."