ह्यांचे दगड आणि माझी विळी

...आणि वर मलाच विचारतात, "अगं, थुंकीनं काय होतंय?"

थुंकीनं काय होतंय! अहो, ज्या विळीवर मी देवाच्या नैवेद्याचा नारळ खवते, त्या विळीला धार लावायला म्हणून आणलेल्या दगडावर हा माणूस घसा खाकरून थुंकतो, बोटानं ती थुंकी सारवतो, आणि मलाच विचारतो काय होतंय! शी! तुम्हाला सांगते, बावीस वर्षं झाली माझ्या लग्नाला, ह्यांची तपकीर सोसली, ह्यांचे ओले पंचे सोसले, पण असलं खूळ ह्या घरात पहिल्यांदाच शिरलं. धार हवी म्हणे, धार!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं ही बाई उगाच करवादते. आमचे हे रेल्वेत कारकून. ठाकुर्लीला क्वार्टर आहे. जन्मभर टाकाच्या निफापेक्षा टोकदार वस्तू ह्यांनी हातात धरली नाही. दाढीसुद्धा न्हावी करतो. असा माणूस दोन वर्षांमागे एकाएकी शिकारी झाला! का, तर शेजारचा लिओनार्ड बंदूक बाळगून आहे आणि रविवारी शहाडच्या पुढे नदीकाठानं डुकरामागे जातो. "चला बाबू, जरा हवा खाऊन या," म्हणाला असेल तो सहज. हे गेले. पुढच्या रविवारीही गेले. आणि आणलं काय? करवंदं! एकदा टोपीभर करवंदं आणली, एकदा पायात काटा आणला, आणि एकदा... एकदा तो सुरा आणला.

कल्याण कँपात लढाईतल्या उरल्यासुरल्या मालाचे ढीग मांडून बसतात ना, त्यातला. कुणा गोऱ्या सोल्जराचा. कोपरापर्यंत लांब, वर चामड्याचं म्यान, आणि त्या म्यानाला असा वास, असा वास, की मेलेली घूस परवडली! "डुक्कर पडलं की जागच्या जागी सोलावं लागतं," असं मला समजावतात. म्हटलं, आधी पडू तर द्या! त्या सुऱ्यानं आजवर काय कापलं असेल तर दोन पेरू आणि स्वतःचा अंगठा. पण नाही. डुक्कर पडो न पडो, सुऱ्याला धार हवी म्हणे, धार!

म्हणून दगड आला. काळा. आता मी चौथी शिकलेली बाई, पण एवढं मला कळतं, की ज्या दगडावर जनावर सोलायचा सुरा घासायचा, तो दगड माझ्या विळीला लागता कामा नये. आमच्याकडे मासे-मटण चालतं, मी कुठे नाही म्हणते? पण रानातलं रानात आणि चुलीपुढचं चुलीपुढे. सुऱ्यासाठी हा ठेवा, घरासाठी वेगळा दगड आणा, एवढंच मी म्हटलं हो. तेव्हा जीभ झडली असती तर बरं झालं असतं! कारण वेगळा दगड आणायचा म्हणजे तो निवडायचा आला, आणि निवडायचा म्हणजे ह्यांना अख्ख्या जगाला विचारायचं आलं.

कुणी फिटर म्हणाला, "साहेब, तेलाचा दगड घ्या, पाण्याचा काय कामाचा!" आला तेलाचा दगड. त्याच्यावर माझं खोबरेल! हेमा, माझी लेक, पाणी लावून वेणी घालायची आणि दगड कसा तुळतुळीत! मग न्हावी म्हणाला, "छे हो, पिवळा दगड बघा, वस्तऱ्याचा. धार लागते ती लोण्यागत." आला पिवळा. त्याच्यावर घासून निघालेला लोखंडाचा काळा राप माझ्या पंचपात्रीला, मिठाच्या बरणीला, कुठे म्हणून लागला नाही विचारू नका. मग लिओनार्ड म्हणाला, "दगडबिगड सोडा बाबू, मुंबईला यंत्र मिळतं. दोन चाकं असतात, मधनं पातं ओढायचं, खलास!" आलं यंत्र. ओढलं पातं. आणि खरंच खलास! भाजी चिरायची माझी सुरी त्या चाकांतून चारदा गेली आणि तिची करवत झाली. टमाटा कापायला गेले तर टमाट्याचा चिखल झाला, साल तशीच!

आणि धार लागली की नाही हे बघायचं कसं? माणूस कागद कापेल, काकडी कापेल. हे डावा हात पुढे करायचे आणि त्याच्यावरचे केस भादरायचे! कुठे? तर माझ्या चुलीपुढे, पाटावर मांडी घालून. ई! एक दिवस पोह्यांत केस निघाला. आखूड, जाड, काळा. मी बशी ह्यांच्यापुढे आदळली. तर ह्यांनी तो केस चिमटीत धरला, उजेडात नेला आणि म्हणाले काय, "बघ बघ, कसा सरळ कापलाय!" आता अशा माणसाला काय करावं, तुम्हीच सांगा! डावा हात पोरीबाळींसारखा गुळगुळीत, उजवा अस्वलाचा, आणि हे सदऱ्याच्या बाह्या दुमडून स्टेशनवर हिंडतात...

तरी मी सगळं गिळलं असतं. पण त्यातच हेमाला स्थळ सांगून आलं. खोपटचं. मुलगा बँकेत, धाकटी भावंडं नाहीत, पत्रिका जुळली. मुलाचा फोटो फळीवरून गेला तो हेमाच्या ट्रंकेत सापडला. मी समजले. ह्याआधी दोन स्थळं बोलणी होऊन फिरलेली, पोरीनं तोंडावर पदर घेऊन दिवस काढलेले. तिसरंही फिरलं असतं तर लोकांनी नावं ठेवायला सुरुवात केली असती. आणि मुलाच्या आईचा निरोप आला, "गाणं नको, भरतकाम नको. मुलीनं आमच्यासमोर विळीवर बसून पापलेट कापावं."

आमच्यातली जुनी रीत आहे ही. मीही अशीच बसले होते. तुकड्या सारख्या जाडीच्या पडायला हव्यात, पित्त फुटता कामा नये, आणि हात थरथरला तर स्थळ गेलं. मला घोर नव्हता. हेमाचा हात चांगला, आणि ती विळी मी बावीस वर्षं मागच्या दगडी पायरीवर घासत आलेली, चार हात पुढे, चार हात मागे, बस. ह्यांच्या दगडांपासून मी ती लपवून ठेवत होते. ह्यांना माझ्या गळ्याची शपथ घातली, की रविवारी पाहुणे येईपर्यंत विळीला हात लावायचा नाही.

रविवारी सकाळी मी पापलेटं आणायला कल्याणच्या बाजारात गेले. परत आले तर हे उंबऱ्यावर बसलेले, एका मांडीवर विळीचा पाट आणि दुसऱ्या मांडीवर पातं!

"अगं, पातं बाकदार ना, सपाट दगड त्याच्या पोटात पोचत नाही. म्हणून उपटलं आणि यंत्रातनं काढलं. पाहुण्यांसमोर कशी लखलखीत धार हवी!"

धार हवी म्हणे, धार! बावीस वर्षं रुतून बसलेलं पातं उपटलं, लाकडी पाचर चुलीत गेली, आणि पातं परत बसवताना पाचरीच्या जागी काय ठोकलं? आगपेटीच्या काड्या! मी धावत फेलिशियाकडे गेले, लिओनार्डच्या बायकोकडे. म्हटलं, बाई गं, तासाभरासाठी तुझी विळी दे. ती आत गेली, पाट आणि पातं वेगवेगळं आणून माझ्यापुढे ठेवलं. "बाय, तुजा नवरा काल आलेला ना, त्या दोगांनी मिलून आदी माज्या विलीवर शिकून घेतला. मी आता कातरीनं कापते मच्छी."

आले पाहुणे. मुलगा, आई, वडील. चहा झाला. हेमा खाली मान घालून विळीवर बसली. मी दाराआड उभी, तोंडात पदर कोंबलेला. हेमानं पापलेट पात्यावर टेकवलं आणि जोर दिला. कापेल तर शपथ! तिनं आणखी जोर दिला. कट्कन् काड्या मोडल्या, पात्यानं गर्रकन गिरकी घेतली, आणि पापलेट सुटलं ते जमिनीवरून सर्रकन घसरत मुलाच्या वडिलांच्या धोतरावर!

हेमा ओठ दाबून बसली होती, डोळे भरलेले. मी मनात म्हटलं, गेलं. तिसरंही गेलं.

वडील उठले. धोतराला चिकटलेलं पापलेट त्यांनी बाजूला केलं, पण पाहिलं नाही त्याच्याकडे. वाकून विळीचं पातं उचललं, अंगठा फिरवला, आणि ह्यांना म्हणाले, "यंत्रातनं काढलंत?"

"हो," हे म्हणाले.

"घाई केलीत. आधी जाडा दगड, मग बारीक. दगडाला तेल लावता की पाणी?"

"थुंकी."

"वा! जाणकार आहात!"

झालं! दोघे मागच्या दारी गेले आणि घासायला बसले. खर्र... खर्र... खर्र... मध्येच खाकरल्याचे आवाज, आधी एकाचा, मग दुसऱ्याचा. शी! मुलगा मात्र शहाणा. जमिनीवरचं पापलेट उचलून त्यानं हेमाच्या ताटलीत ठेवलं आणि हळूच म्हणाला, "लागलं नाही ना?" मी ऐकलं सगळं.

मुलाची आई माझ्या मागोमाग आत आली. म्हटलं, आता बोलणी खायची. पण ती चुलीशी बसली आणि असा सुस्कारा टाकला!

"मनाला लावून घेऊ नका. पंधरा वर्षं झाली, आमच्या घरात कापणारं पातं नाही. दुधीसुद्धा पायरीवर आपटून फोडते मी."

"अहो, मग पापलेट कापायची अट कशाला घातलीत?"

"म्हटलं, एखाद्या घरात तरी कापणारी विळी असेल. सून येताना घेऊन येईल."

पापलेटं अख्खीच तळली, सगळ्यांनी हातानं मोडून खाल्ली, आणि जाताना ती माउली हेमाच्या ओटीत नारळ घालून गेली. ठरलं लग्न. लोक मला म्हणतात, एकुलती मुलगी, सासरी करमायचं नाही तिला. म्हटलं, न करमायला काय झालं? स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की तिला माहेरीच असल्यासारखं वाटेल.