मले इंजन चालवाचं होतं

माहा जनम मूर्तिजापूरचा. बाबा छोट्या लाइनवर गँगमन होते, छोटी लाइन म्हंजे आमची शकुंतला, तुमाले माईत असन, इकडं अचलपूरले जाये अन् तिकडं यवतमाळले जाये, आता बंद हाय ते, पन माह्या लहानपनी चालू होती अन् आमच्या क्वार्टरच्या मांगूनच जाये. बाबा रूळ पाहात चालत, कुठी ढिलं दिसलं तं ठोकत, अन् मी त्यायच्या मांगं मांगं. एक दिवस एका डायवरकाकानं, बाबाच्या वळखीचे होते ते, मले उचलून इंजनात उभं केलं. गाडी उभीच होती, पन समोरच्या काचातून म्या रूळ पाह्यले, पार दूरच्या बाभयीपर्यंत सरके सरक, सुतावानी सरळ गेलते, अन् काय सांगू ताई तुमाले, मले वाटलं का हे सारं माहंच हाय. बस, तवाच ठरलं. मले इंजन चालवाचं होतं.

चौथीत गुरुजीनं एकेकाले उभं करून इचारलं, मोठं होऊन काय होशीन. पोट्टे म्हनत पोलीस, कोनी म्हने फौजी, एक जन कंडक्टर. पोरी म्हनत मास्तरीन, नर्स. माहा नंबर आला तं म्या म्हनलं इंजन डायवर. सारा वर्ग हासला. गुरुजी नाही हासले, ते म्हनले, बेटा, पोरीयले इंजन नाही देत. खराब मनानं नाही म्हनलं त्यायनं, त्यायले जे माईत होतं ते सांगतलं. घरी येऊन मायले सांगतलं. माय माही वलगावची, कास्तकाराच्या घरची, तोंडाची रोखठोक, ते भाजी निवडता निवडता म्हने, इंजनात संडासले कुठी जाशीन वो तू. दोन दिवस म्या तोच इचार केला, खरंच कुठी जात असतीन.

मंग दहावी झाली, पास झाली मी, पन पुढं शिकवाची घरात कोनाची हिंमत नाही झाली. अकोल्याचं स्थळ आलं, जुन्या शहरातलं, पोरगा रेल्वेत, फाटकावर. फाटकावर म्हंजे तेच, गाडी याच्या टाइमले रस्ता बंद कराचा अन् गेली का उघडाचा. बाबा म्हने, रेल्वेतला हाय, रेल्वेच्याच घरात जाशीन. मले हासू आलं, म्हनलं चला, इंजन नाही तं निदान रूळ तरी.

मानूस चांगला होता ताई. सरळ होता, कोनाच्या अध्यात नाही ना मध्यात नाही. पल्लवी झाली, आमची एकच पोरगी, ते सहा वर्साची होती तवा ह्यायले कावीय झाली. दवाखान्यात पंधरा दिवस होते, अन् मंग गेले. मंग मले अनुकंपावर त्यायच्या जागेवर घेतलं. लोक म्हनत, निर्मले, नशीब तुहं, सरकारी नोकरी भेटली. कुंकू पुसलं अन् फाटक भेटलं, त्याले नशीब म्हनाचं का काय म्हनाचं हे मले अजून समजलं नाही.

मूर्तिजापूर अन् अकोल्याच्या मधातलं फाटक. सोपं वाटते पाहून. स्टेशनातून मास्तरचा फोन येते, गाडी येऊन राह्यली म्हनून, आपून फाटक लावाचं, कुलूप घालाचं, मंग त्यायले एक नंबर सांगाचा, त्यायचा नंबर आपल्या रजिस्टरात लिवाचा, म्हंजे दोघायच्याबी पाशी पुरावा का फाटक लागलं. तवाच गाडी सुटते. ज्यायनं मले शिकवलं ते बुढे होते, रिटायर व्हाले आलते, ते म्हनले, बाई, बाकीच्या नोकरीत चुकलं तं साहेब बोलते, इथं चुकलं तं कोनी बोलाले उरत नाही. त्यायनं सहज म्हनलं असन, पन ते वाक्य माह्या छातीत जाऊन बसलं ते बसलं.

तवापासून मले भेव. लोकायले वाटते सवय होत असन. नाही होत. मी घरून निंगतानी कडी पाहते, जिना उतरते, परत चढते, परत पाहते. सुटीच्या दिवशी एक डाव मोर्ना नदीच्या पुलापाशी भाजी घेऊन राह्यलती, वांगे तोलून झाल्ते, अन् एकदम मनात आलं का काल जातानी म्या कुलूप घातलं का नाही. घातलं होतं, मले माईत होतं घातलं होतं. पन वांगे तसेच टाकले, आटो केला, फाटकावर गेली. तिथं माह्या जागेवरचा मानूस आरामात बसला होता, तो म्हने, निर्मलाबाई, आज माही ड्युटी हाय, तुमाले कायची चिंता. म्या कुलूप पाह्यलं, हात लावून पाह्यलं, अन् वापस आली. आता याले तुमी काय म्हनसान. पल्लवी म्हने, आई, डाक्टरले दाखव. दाखवलं, त्यायनं झोपीच्या गोया देल्ल्या, त्या घेतल्या तं ड्युटीवर डोये जड होत, म्हनून त्याबी फेकल्या.

अन् मंग तो दिवस आला. कापसाचे दिवस होते, दुपारचा टाइम. फोन आला, म्या फाटक लावलं, कुलूप घातलं, नंबर सांगतला, लिवला, सारं बराबर. गाडी तिकडून सुटली. अन् इकडं रस्त्याच्या उतारावरून एक ट्रॅक्टर आला, मांगं ट्राली कापसानं भरलेली, वर पाच-सहा बाया बसल्या. त्याचे ब्रेक लागले नाही. म्या पाह्यलं, चालवनारा पोरगा स्टेरिंगवर अर्धा उभा राहून ब्रेक दाबून राह्यलता, अन् ट्रॅक्टर फाटकाचा दांडा तोडून सरका आंदर. ट्रॅक्टर तिकडं गेला, ट्राली सुटून रुळावर आडवी.

म्या पह्यले फोन केला. मास्तर म्हने, बाई, गाडी निंगाली, वॉकीटॉकीवर डायवर भेटून नाही राह्यले, आता तुमीच थांबवा. त्यायचा आवाज बदलला होता. म्या बायायले वरडून सांगतलं उतरा, लाल झेंडी घेतली, फटाके घेतले, ते रुळावर लावाचे डबीवानी फटाके असते, चाक आलं का फुटते अन् डायवरले समजते का समोर धोका हाय. अन् धावली. गाडीकडं धावली. माहे गुडघे दुखते, जिना चढतानी मी कठडा धरते, पन त्या दिवशी त्या गिट्टीवरून मी कशी धावली मले नाही माईत, एक चप्पल कुठी गेली तेबी नाही माईत. फटाका रुळाले बांधाले गेली तं दोन डाव सुटला, तिसऱ्या डाव बसला. पुढं गेली, दुसरा लावला. तवा इंजन दिसलं. म्या झेंडी हालवत मधातच उभी राह्यली. मनात पल्लवी नाही आली, देव नाही आला, काहीच नाही आलं, फक्त एवढं वाटलं का हे मले पाहून राह्यले का नाही.

फटाका फुटला, ब्रेकचा आवाज आला, मी बाजूले झाली. गाडी माह्या पुढून गेली अन् घासत घासत थांबली, ट्राली अजून शंभर पावलं दूर होती.

इंजनातून एक पोरगी उतरली. पोरगी, ताई. पंचवीस-सव्वीसची असन, अमरावतीकडची, बोलन्यावरून समजलं. असिस्टंट डायवर होती. मोठे डायवर वॉकीटॉकीवर बोलून राह्यलते, अन् ते सरकी माह्यापाशी आली अन् गिट्टीवर बसली. ते म्हने, मावशी, मले वाटलं गेलं सारं. म्या म्हनलं मलेबी. मंग म्या तिले पानी देल्लं, फाटकावरच्या माह्या खोलीतून ट्रालीतली एक बाई बाटली घेऊन आलती. तिनं फक्त तोंड ओलं केलं. म्हने, ड्युटीवर मी पानी कमीच पेते. काहून, ते म्या इचारलं नाही, मले माह्या मायचं बोलनं आठवलं.

लोकायनं ट्राली ढकलून काढेपर्यंत आमी दोघी तशाच बसल्या. म्या तिले म्हनलं, बेटा, लहानपनी मले हेच व्हाचं होतं, इंजन डायवर. ते म्हने, मले डाक्टर व्हाचं होतं मावशी, दोन डाव परीक्षा देल्ली, नंबर नाही लागला, मंग हे भेटलं. अन् म्हने, रोज डोयायसमोर कोनी ना कोनी रूळ वलांडते, ढोर येते, मानूस येते, रोज वाटते आज होते का काय. म्या तिले इचारलं झोप येते का. ते म्हने, तुमाले येते का. म्या नाही म्हनलं. मंग तिले डायवरनं बलावलं अन् ते गेली.

चौकशी झाली, आठ दिवस बयान देल्ले, माही चूक नाही निंगाली, साहेबायनं सत्कार केला, शाल देल्ली. पन मी तुमाले खरं सांगू, मले शाल नाही आठवत, मले ते पोरगी आठवते. जे मले पाह्यजे होतं ते तिच्यापाशी होतं, अन् तिलेबी ते नको होतं, तिलेबी माह्यावानीच भेव.

आता जे सांगते ते म्या कोनाले नाही सांगतलं. पल्लवी तवा अमरावतीले कालेजात, होस्टेलवर राहे. तिनं मले न इचारता इंजनाच्या भरतीचा फार्म भरला. तिले लहानपनापासून माह्या गोष्टी माईत, मीच सांगत होती ना, डायवरकाका अन् ते रूळ. परीक्षा पास झाली मंग घरी आली अन् पेढ्याचा डबा माह्या हातात देऊन म्हने, आई, तुहं राह्यलं ते मी करते. कोनती माय खुश होनार नाही. मी नाही झाली. म्या म्हनलं, नाही जाचं. ते म्हने, अवो पन तुलेच पाह्यजे होतं ना. म्या म्हनलं, मले माईत नव्हतं तवा पाह्यजे होतं. दोन दिवस भांडलो आमी, ते जेवली नाही, मीबी नाही. मंग म्या म्हनलं, जा बापा, तुहा जीव, तुही मर्जी.

आखरीची डाक्टरी तपासनी बाकी होती. त्या दिवशी ते मैत्रिणीसंगं गेली अन् मी रजा टाकून अमरावतीले अंबामायच्या देवळात गेली. लाइनीत उभी होती तवा मनात पक्कं होतं, लेकीले पास कर एवढंच मांगाचं. आता तिनं ठरवलंच हाय तं पास होऊ दे. अन् मायच्या समोर गेली, हात जोडले, तं तोंडातून निंगालं, माहं लेकरू वाचव. पास कर नाही निंगालं. वाचव निंगालं. मांगच्या बायायनं ढकललं, मी समोर सरकली, परत मांगाले जागाच नव्हती.

संध्याकायी फोन आला. आई, डोये नाही बसले. डोयात थोडासा नंबर निंगाला, इंजनाले चष्मा चालत नाही म्हने. ते तिकडं रडून राह्यलती, अन् माह्या आंगातून ताई, इतके वर्साचं वझं उतरलं, हात-पाय हलके झाले. तिले म्हनत होती रडू नको बेटा, अन् आंदरून मी सुटली होती. मंग तिनं फोन ठेवला, अन् मले माह्याच आंगाची किळस आली.

तवापासून हे एक भेव वाढलं, का माह्या मांगन्यानंच लेकीचं राह्यलं. फाटकाचं होतंच.

आता पल्लवी अमरावतीले दुकान चालवते, पोट्ट्या-पोट्टीयचे भरतीचे फार्म भरून देते, पोलीस, तलाठी, रेल्वे. रेल्वेचा फार्म आला का ते पह्यले पोरीले म्हनते, डोये तपासून ये मंग भर. चष्मा लावते आता. हासते, बोलते. तिच्या मनात काय हाय, मले समजत नाही.

मांगच्या महिन्यात डबा घेऊन फाटकावर आलती. गाडी याची होती, म्या फाटक लावलं, झेंडी घेऊन उभी राह्यली, ते माह्या बाजूले. आमचं काम असते का गाडी जातानी चाकाकडं पाहाचं, कुठी धूर, कुठी काही लोंबकयते का. पन त्या दिवशी म्या चाक नाही पाह्यलं, म्या पल्लवीच्या तोंडाकडं पाह्यलं. ते इंजनाकडं पाहून राह्यलती, पार दिसेनासं होईपर्यंत. गाडी गेली अन् म्या समोरच्या स्टेशनले फोन केला, साहेब, गाडी बराबर पोचली का. ते म्हने, हो, काहून वो, काय झालं. म्या म्हनलं काही नाही. पल्लवी म्हने, आई, तू एवढी काहून भेतं. म्या डबा उघडला.

तुमी हे लिवून राह्यले तं लिवा, नाव खरं नका टाकू. पल्लवी वाचीन तं वाचीन, राग धरीन तं धरो, तिचा हक हाय. ते इंजनातली पोरगीबी जिथं असन तिथं सुखी असो, रोज घरी पोचो. माह्या मांगन्यानं झालं का डोयायनं झालं, हे अंबामायलेच माईत. माहं लेकरू जागेवर हाय, रोज सकायी फोन करते. मी इचारते जेवली का, ते म्हनते हो. त्याच्या पुढचं आमी दोघीबी बोलत नाही.